टोकियोहून हाकोने एका दिवसात: रोपवे, तळं आणि ओन्सेन, तिन्ही जमतं का?

प्रश्न – शिंजुकूमुक्कामी

मुक्काम टोकियोतल्या शिंजुकूजवळ आहे, हाकोनेसाठी एकच दिवस, ऑक्टोबरातला शनिवार. सोबत आई-बाबा. आईचे गुडघे दुखतात, बाबांना थोडा दमा आहे. डोंगरी रेल्वे, रोपवे, ओवाकुदानी (वायू ओकणारी दरी), आशी तळ्यातली बोट आणि शेवटी ओन्सेन, म्हणजे गरम झऱ्याच्या पाण्याचं स्नान, असा बेत आहे. हाकोनेतल्या गाड्या-बोटींचा दोन दिवसांचा फ्रीपास एका दिवसासाठी घ्यावा का? दोघांनाही सगळ्यांसमोर उघडं व्हायचा संकोच आहे, त्यावर काही उपाय?

उत्तर – डोंगरवाट

आधी दम्याचं बोलू. ओवाकुदानीत जमिनीतून हायड्रोजन सल्फाइड आणि सल्फर डायऑक्साइड बाहेर पडतात. दमा, हृदयविकार किंवा पेसमेकर असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी तिथे येऊ नये, अशी सूचना तिथेच लावलेली असते. 'थोडा दमा' म्हणून सूट घेऊ नका. रोपवेही त्याच दरीवरून जातो, त्यामुळे खाली न उतरता वरून जाऊ हा पर्यायही बाद. तिथे मिळणाऱ्या काळ्या अंड्यांसाठी जीव टांगणीला लावण्यात अर्थ नाही. उकळत्या पाण्यातलं लोह आणि हायड्रोजन सल्फाइड मिळून कवचावर काळं लोह-सल्फाइड धरतं. आत ते साधं उकडलेलंच अंडं.

मग मार्ग असा: शिंजुकू ते हाकोने-युमोतो रोमान्सकार (आरक्षणाची जलद गाडी), साधारण ८५ मिनिटं. तिथून तोझान, म्हणजे डोंगरी रेल्वे. ही गाडी वाटेत तीनदा दिशा बदलते. चालक आणि गार्ड फलाटावरून चालत जाऊन जागा बदलतात, ते बघायला शेवटच्या डब्याच्या टोकाशी बसा. सर्वांत उभा चढ साडेबारा मीटरला एक मीटर. कोवाकिदानीला उतरा आणि तळ्याकाठच्या मोतोहाकोनेची बस धरा. तिथून बोटीने तळ्याच्या दुसऱ्या टोकाच्या तोगेंदाईला जाऊन त्याच बोटसेवेने परत. मग बसने थेट युमोतो आणि तिथेच स्नान.

ओन्सेन शेवटी ठेवताय ते बरोबर. पण युमोतोत दुपारी साडेतीनपर्यंत पोचा. शनिवारी संध्याकाळी तळ्याकडून खाली येणारा रस्ता तुंबतो आणि बस ४० मिनिटांऐवजी दुप्पट वेळ घेऊ शकते. त्यामुळे परतीची रोमान्सकार घाईची घेऊ नका. सातच्या आसपासची बरी.

उत्तर – तिकीटखिडकी

फ्रीपासचं गणित. एका दिवसाचा पास नाही, दोन दिवसांचाच घ्यावा लागतो. पूर्ण फेरी (रेल्वे, रुळांवरून दोराने ओढली जाणारी केबल कार, रोपवे, बोट, बस) केली तर एका दिवसातही वसूल होतो, कारण रोपवे आणि बोट दोन्ही महाग. रोपवे वगळलात की हिशेब काठावर येतो. तुमच्या मार्गाची सुटी भाडी आदल्या रात्री बेरजेला घ्या. फक्त युमोतोत स्नान करून परतणाऱ्याने पास घेऊच नये.

एक गोष्ट लोक हमखास विसरतात: पासमध्ये रोमान्सकारचा जादा आकार नसतो. साधं भाडं आणि हा आकार मिळून एका बाजूचे साधारण २,५०० येन होतात. पास असला तरी जादा आकाराचं तिकीट वेगळं. आरक्षण महिनाभर आधी सकाळी १० वाजता उघडतं आणि शनिवारची सकाळ लवकर भरते. जेआर पास (जपान रेल्वेचा पर्यटक पास) असेल तर तो वाटेतल्या ओदावारापर्यंतच चालतो, आणि नोझोमी ही बुलेट ट्रेन तिथे थांबत नाही; कोदामा ही बुलेट ट्रेन धरा.

उत्तर – गरमपाणी

संकोचावर उपाय आहे: 'काशिकिरी', म्हणजे तासाच्या हिशेबाने मिळणारं खासगी कुंड. युमोतोजवळच्या हाकोने युर्यो या स्नानगृहात अशा खोल्या आहेत आणि स्थानकावरून त्यांची मोफत गाडी सुटते. शनिवारी आयत्या वेळी मिळण्याची आशा धरू नका, आधी नोंदवा. पोहण्याचे कपडे घालून सगळ्यांनी एकत्र डुंबायचं असेल तर कोवाकिदानीजवळचं युनेस्सुन हे स्नान-उद्यान. नेहमीच्या ओन्सेनमध्ये मात्र कपडे चालतच नाहीत.

सार्वजनिक कुंडात जायचं ठरलंच तर दारावरच्या पडद्याच्या रंगावर विसंबू नका. काही ठिकाणी पुरुष-बायकांच्या बाजू अदलाबदल होतात. चिन्ह बघा: पुरुषांच्या चिन्हात वर चार खणांची चौकट असते, बायकांच्या चिन्हात चौकट नसते.

आत गेल्यावर छोट्या स्टुलावर बसून आधी पूर्ण अंघोळ, साबण नीट धुऊन टाकायचा. पंचाएवढा छोटा टॉवेल मिळतो, तो पाण्यात बुडवायचा नाही. डोक्यावर घडी करून ठेवतात. लांब केस वर बांधा. पाणी ४०-४२ अंशांचं, म्हणून पहिल्यांदा पाच मिनिटं पुरे. बाहेर पडायची वेळ झाली की झटकन उभं राहायचं नाही, चक्कर येते ती तेव्हाच. आणि कपड्यांच्या खोलीत शिरण्यापूर्वी अंग पुसायचं, ओल्या पायांनी जायचं नाही.

आईंना सांगा, जोडवी आणि पैंजण काढून ठेवा. युमोतोचं पाणी बरंचसं स्वच्छ, पण गोरा-सेन्गोकुहाराकडचं दुधाळ गंधकाचं पाणी चांदी काही मिनिटांत काळी करतं.

शिंजुकूमुक्कामी

ओवाकुदानी रद्द. गुडघ्यांसाठी आणखी काय टाळू? आणि जेवणाचं? आम्ही शाकाहारी.

डोंगरवाट

हाकोने देवळाच्या दगडी पायऱ्या टाळा. पाण्यातल्या लाल तोरीपर्यंत (देवळाच्या कमानीपर्यंत) तळ्याकाठच्या वाटेने जाता येतं, पण तिथे फोटोसाठी रांग असते. बोटीतून ती छान दिसते, तेवढं बस्स. केबल कारही नको, तिचे फलाट आणि डबे दोन्ही पायऱ्यांचे. पाय नुसते बुडवायचे असतील तर चोकोकु-नो-मोरी शिल्पसंग्रहालयात गरम पाण्याचं पाद-कुंड आहे, मात्र संग्रहालयाचं तिकीट लागतं आणि तिथे दीड-दोन तास सहज जातात. ते घ्यायचं तर बोट सोडावी लागेल.

गरमपाणी

सोबा-उदोन या जपानी नूडल्सच्या पाण्यात माशाचा अर्क असतो, वर मासा दिसत नसला तरी. त्या अर्काचा 'दाशी' हा शब्द लक्षात ठेवा आणि विचारा. सोपं म्हणजे शिंजुकूहूनच डबा घेऊन निघा. रोमान्सकारमध्ये खाल्लेलं चालतं. स्नानाआधी मात्र तासभर पोट हलकं ठेवा.