मदत हवी आहे : जुनी हॅचबॅक, दोन मुलं आणि आजी, मुलांची कार सीट बसवायची कशी?

खाडीकाठची :
मंडळी, गणपतीच्या आत सोक्षमोक्ष लावायचाय म्हणून विचारतेय. आम्ही शृंगारतळीला राहतो. लेक १४ महिन्यांची, ९ किलो. मुलगा सहा वर्षांचा, १९ किलो. चिपळूणला डॉक्टरांकडे जाणं नेहमीचं, शिवाय सणाला माहेरी पनवेलला. आत्तापर्यंत लेक माझ्या मांडीवर आणि मुलगा मागे दोन सीटच्या मधून डोकं काढून उभा. मार्गताम्हाणे येईतो त्याला मळमळायला लागतं.

गाडी जुनी आहे, आयसोफिक्सचे (बाळाची सीट थेट गाडीला अडकवायचे) हूक नाहीत. मागच्या मधल्या जागेला नुसता कमरेचा पट्टा. चालवणार हे, सोबत मी, सासूबाई आणि दोन मुलं. सासूबाईंचं म्हणणं, "आमची पोरं काय गाडीतून उडून गेली? मांडीसारखी जागा नाही." नणंदेने तिच्या मुलाची सीट देऊ केलीय, चार वर्षं माळ्यावर पडून आहे. ती घेऊ का? आणि ९ किलो झाल्यावर बाळाला पुढे तोंड करून बसवतात असं वाचलं, ते खरं का?

लाल_माती :
ताई, आधी मांडीचं. गाडी ताशी ४० वरून सेकंदाच्या दहाव्या हिश्शात थांबली तर तुमच्या ९ किलोच्या लेकीची ओढ साधारण १०० किलोची होते. ती कोणाच्या हातात राहायची नाही. आणि मांडीवर बाळ घेऊन दोघींना मिळून एकच पट्टा लावणं तर त्याहून वाईट, तुमच्या अंगाचा भार तिच्यावर येतो. आजींना हे आकडे सांगून उपयोग नाही हे मलाही कळतं. त्यांना सांगा, डॉक्टरांनी सांगितलंय. आमच्याकडे तेवढंच चाललं.

९ किलोचं अर्धवट खरं आहे. आर ४४ या जुन्या युरोपीय मानकात पुढे तोंड करायची परवानगी ९ किलोपासून आहे, पण परवानगी आहे म्हणून घाई करू नका. नव्या आर १२९ मध्ये १५ महिन्यांच्या आत पुढे तोंड करताच येत नाही. दोन्हीकडे वापरता येणारी सीट घ्या आणि मागे तोंड करून तिची जी वजनमर्यादा असेल (बहुतेक १३ किलो, काहींत १८) तिथपर्यंत तशीच ठेवा. लहान मुलाचं डोकं जड, मान कोवळी. मागे तोंड असलं की धक्का अख्ख्या पाठीवर पसरतो.

घाटातला_ड्रायव्हर :
आयसोफिक्स नसलं तरी अडत नाही, गाडीच्याच तीन टोकी (खांदा आणि कंबर दोन्हीवरून जाणाऱ्या) पट्ट्याने बसणाऱ्या सीट मिळतात. पण घ्यायच्या आधी गाडीत ठेवून बघा. मागे तोंड करून बसवताना पट्टा पूर्ण वळसा घेतो आणि जुन्या गाड्यांत कधीकधी चार बोटं कमी पडतो. ऑनलाइन मागवणार असाल तर परत घेतात ना ते आधी बघा आणि वेष्टण जपून ठेवा.

बसवताना सीटवर गुडघा टेकून पूर्ण भार द्या आणि पट्टा खेचा. मग जिथून पट्टा जातो तिथे सीट धरून हलवा. इंचभरापेक्षा जास्त हलली तर पुन्हा बसवा. वरचा भाग थोडा डुलतो, त्याची काळजी नको. बाळाचे खांद्याचे पट्टे मागे तोंड असताना खांद्याच्या रेषेत किंवा जरा खाली, आणि चिमटीत घडी येणार नाही इतके घट्ट. पावसात रेनकोट काढून मगच बांधा, जाड कपड्यावरून पट्टा घट्ट वाटतो पण असतो सैल.

लाल_माती :
नणंदेची सीट : अपघातात सापडलेली नाही हे खात्रीचं असेल, मुदतीची तारीख उलटली नसेल आणि माहितीपुस्तिका असेल तरच. पण आपल्याकडचे चार पावसाळे माळ्यावर म्हणजे बुरशी आलीच असणार. पट्टे सौम्य साबणाच्या पाण्याने पुसायचे, ब्लीच किंवा मशीन नाही, विणीची ताकद जाते. प्लास्टिकला तडा दिसला तर सरळ भंगारात.

खाडीकाठची :
आभार! सीट २०१४ ची निघाली, खालचा कागद उंदरांनी खाल्लाय. बाद. नवीच घेतो. आता मुलाचं आणि बसायचं कोडं सोडवा.

घाटातला_ड्रायव्हर :
मुलाला पाठ असलेला बूस्टर (उंच करून गाडीचा पट्टा नीट बसवणारी बैठक), १५ ते ३६ किलोचा. तो खिडकीशीच बसणार, कारण बूस्टरला तीन टोकी पट्टाच लागतो, मधला कमरेचा चालत नाही. पट्टा खांद्याच्या मधोमध आणि खाली मांड्यांच्या वरच्या टोकाशी. पोटावर किंवा मानेवर नाही. उंच बसल्याने बाहेरचं दिसतं, मळमळही कमी होईल कदाचित.

म्हणजे दोन्ही खिडक्या मुलांच्या. मध्ये तुम्ही, कमरेचा पट्टा लावून, आणि आजी पुढे. अडचण होईल, पण लेकीची सीट पुढे नको. समोरची एअरबॅग उघडली तर मागे तोंड केलेल्या सीटवरच आदळते.

पोफळी :
कायद्याचंही लिहिते. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४ ब प्रमाणे १४ वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा बालसीटशिवाय असेल तर १००० रुपये दंड. आमच्या बाजूला कोणी अडवताना पाहिलं नाही, ते सोडा. सीटवर एआयएस ०७२ (आपलं भारतीय मानक) किंवा गोलातल्या ई (युरोपीय मान्यतेची खूण) सोबत आर ४४/०४ वा आर १२९ छापलेलं बघूनच घ्या.

आणि एक. पनवेलला जाताना मागच्या काचेखालच्या फळीवर नारळ, फणस ठेवायची आपली खोड. ब्रेक लागला की तो फणस थेट मुलांच्या डोक्यावर. डिकीत खाली ठेवा, त्यावर तांदळाची गोण.