लगाम वेगाला नको, रसदीला घाला
तुमच्या मराठा-मुघल युद्धाच्या खेळात मराठा घोडदळाचा वेग कमी केला की मुघलांशी तोल साधेल, हे तुमचं म्हणणं पटलं नाही. मग दोन्ही बाजू सारख्याच होतील, खेळायला वेगळं उरणार काय? लगाम रसदीला घाला. मुघल फौज मोठीच ठेवा, पण वेढ्याच्या प्रत्येक फेरीला दाणावैरण खर्ची पडू द्या.

नकाशात आपल्या नाशिकजवळचा रामशेज किल्ला असेल तर कसोटी तिथेच घ्या. १६८२ मध्ये मुघलांनी वेढा घातला, गडावर मारा करायला लाकडी दमदमा (उंच बुरूज) उभारला, तरी गड काही वर्षं झुंजला; तेही लाकूड पोखरून कातड्याने मढवलेल्या तोफांवर, असं मुघल इतिहासकार खाफीखान लिहितो. तुमच्या खेळात तो चार-पाच फेऱ्यांत पडत असेल तर तटबंदीला हात लावू नका, आधी वेढ्याचा खर्च दुप्पट करून पाहा. एका वेळी एकच आकडा बदला, नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही.