भीमथडी घोडीच्या मागच्या टापांना थ्रश : नाल न ठोकता उपाय हवा आहे

थ्रशवर, म्हणजे टापेचा तळवा सडवणाऱ्या जंतुसंसर्गावर, मदत हवी आहे. आमची आठ वर्षांची भीमथडी घोडी दोन वर्षांपूर्वी दौंड तालुक्यातून मुळशीत, ताम्हिणी घाटाच्या अलीकडे असलेल्या आमच्या शेतावर आली. तिला आजवर एकदाही नाल ठोकलेली नाही. भीमथडी म्हणजे भीमेच्या काठची जात. धनगरांच्या वाड्याबरोबर बिऱ्हाड पाठीवर घेऊन कोरड्या माळावरून आणि खडकाळ वाटांनी चालणाऱ्या या घोड्यांच्या टापा टणक म्हणून ओळखल्या जातात. धनगर मात्र पावसाळ्याआधी कोकणातून देशावर परततात, आणि मी तिला नेमके उलट, पावसाच्या तोंडी आणून ठेवले आहे, याची मला बोच आहे.

गेल्या वर्षी मागच्या एका टापेला थोडा वास येत होता. दिवाळीनंतर तो आपोआप गेला, म्हणून मी त्याकडे दुर्लक्ष केले. यंदा जुलैपासून मागच्या दोन्ही टापा बिघडल्या आहेत. तळव्यावरच्या त्रिकोणी, रबरासारख्या भागाच्या, म्हणजे नालबंद ज्याला पुतळी म्हणतात आणि डॉक्टर फ्रॉग म्हणतात त्याच्या, दोन्ही बाजूंच्या खाचांतून आकड्याने चिखल काढला की काळा, चिकट आणि सडक्या वासाचा द्रव येतो. हात दोनदा धुतले तरी तो वास बोटांना राहतो. त्याहून अधिक काळजी टाचेकडच्या मधल्या भेगेची वाटते. तिथे एरवी बोट टेकेल असा उथळ खळगा असायला हवा. तिच्या डाव्या टापेत कापूस गुंडाळलेली काडी जवळजवळ दोन सेंटिमीटर आत जाते आणि ती झटक्यात पाय ओढून घेते.

पातळ केलेले पोव्हिडोन आयोडीन मी रोज ओतते. चार दिवस बरे वाटते, मग पुन्हा तेच. नालबंद पुण्याहून तीन महिन्यांनी एकदा येतात. गावातले जाणते लोक भेगेत मोरचूदाची पूड दाबून भरा आणि नाल ठोकून घ्या, असे सांगतात. यातले काय करावे?

प्रतिसाद :

ताई, आपल्या वर्णनातली मधली भेग हेच दुखण्याचे मूळ आहे. थ्रशमध्ये सापडणारे फ्युजोबॅक्टेरियम नेक्रोफोरमसारखे जंतू हवा न मिळणाऱ्या जागीच फोफावतात, त्यामुळे वरून ओतलेले आयोडीन भेगेच्या तळापर्यंत पोहोचत नाही आणि पोहोचले तरी तिथे टिकत नाही. टाप धुऊन पूर्ण कोरडी करावी, औषधात भिजवलेली गॉझची पट्टी भेगेत हलक्या हाताने सरकवावी, आणि ती रोज बदलावी. मोरचूदाची कोरी पूड उघड्या, दुखऱ्या भेगेत भरू नये. ती जंतूंबरोबर जिवंत मांसही जाळते. झिंक ऑक्साइडच्या मलमात अगदी थोडा मोरचूद मिसळून वापरणारे अनेक जण आहेत, पण प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

तीन महिन्यांचे अंतर फार झाले. टापेची भिंत महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर वाढते. टाचा उंच झाल्या की पुतळी जमिनीला टेकत नाही, तिच्यावर भार येत नाही, ती आक्रसते, टाचा एकमेकींजवळ येतात आणि भेग अधिक खोल होते. म्हणून दर पाच-सहा आठवड्यांनी टाचा उतरवून घ्याव्यात. पुतळीच्या फक्त सुटलेल्या, घाण अडवणाऱ्या चिंध्या कापू द्याव्यात. तिला कोरून सुबक करण्याची नालबंदांची सवय आपण ठामपणे थांबवावी. नालेने थ्रश बरा होत नाही. उलट पुतळी जमिनीपासून आणखी वर उचलली जाते आणि आत चिखल अडकून राहतो.

घोडी रात्री कशावर उभी असते, हे आपण लिहिलेले नाही. माझा अनुभव असा की अर्धा आजार तिथेच असतो. लीद आणि मुताने भिजलेला पेंढा दिवसातून दोनदा काढावा आणि तबेल्याबाहेर निचरा होईल असा मुरूम व बारीक खडीचा उंचवटा करावा. पाऊस थांबेल तेव्हा तिला त्यावर चालवावे, कारण चालण्यानेच टापेतले रक्ताभिसरण सुधारते. टाप गरम लागली किंवा घोडी लंगडू लागली तर आत पू झाल्याची शंका घ्यावी. फुलकोबीसारखी वाढ दिसली तर तो थ्रश नव्हे. दोन्ही वेळी पशुवैद्यांना लगेच बोलवावे. धनुर्वाताची लस झाली आहे का, तेही आजच तपासावे, कारण घोड्यांना त्याचा धोका फार असतो.

मूळ धागाकर्तीचे उत्तर :

मनापासून आभार. ती ओल्या शहाबादी फरशीवर उभी असते आणि मूत मागच्याच पायांखाली साचते, हे आपला प्रतिसाद वाचून तबेल्यात जाऊन पाहिल्यावर लक्षात आले. मुरमाची ट्रॉली उद्या येते आहे. लस झालेली नव्हती. ती आज टोचून घेतली. नालबंद पुढच्या आठवड्यात येतील, तेव्हा टाचा एकदम उतरवाव्यात की दोन-तीन खेपांत थोड्याथोड्या, एवढे कृपया सांगावे.