दोष प्रोसेसरचा नाही, ड्रायव्हरचा
रिस्क-फाइव्ह (खुल्या मानकाच्या प्रोसेसरच्या) बोर्डावर डेस्कटॉप रखडतो म्हणजे प्रोसेसरच कुचकामी, असं काहीजण म्हणतात. हे मत घाईचं वाटतं. आधी सिस्टिमच्या माहितीत रेंडरर (पडद्यावरचं चित्र रंगवणारा भाग) कोणता दिसतो ते बघा. ‘एलएलव्हीएमपाइप’ असेल, तर चित्र रंगवण्याची सगळी हमाली प्रोसेसरच करतोय. जीपीयू, म्हणजे चित्रांसाठीची खास चिप, ड्रायव्हरअभावी बसलाय निवांत!

बोर्डावर पीसीआयई स्लॉट (जादा कार्ड बसवायची खाच) असेल तर सरळ एएमडीचं रेडिऑन ग्राफिक्स कार्ड लावा, ड्रायव्हर मुक्तस्रोतच आहे. फक्त लिनक्सच्या कर्नलची, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याची, आवृत्ती तपासा. नव्या रेडिऑनच्या डिस्प्ले कोडला कर्नलमध्येच फ्लोटिंग पॉइंट (अपूर्णांकांचं) गणित लागतं आणि रिस्क-फाइव्हसाठी ती सोय लिनक्स ६.१० मध्ये, म्हणजे २०२४ साली आली. त्याआधीच्या कर्नलवर नवं कार्ड असूनही पडदा काळाच.

बोर्डाचा अडॅप्टर कार्डाला पुरणार नाही. मी पुण्याच्या तापकीर गल्लीतून वेगळा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) आणला. तिथे घासाघीस मात्र करा, पहिल्या भावाला कुणी घेत नाही.