मदत हवी आहे: जानेवारीत पंजाबात सॉफ्टबॉल, मुलींचे हात गारठू नयेत म्हणून काय करावं?

प्रश्न : अमरावतीकर_कोच

१७ वर्षांखालील मुलींचा संघ आहे, १६ जणी. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात लुधियानाकडे सामने आहेत, पहिला सामना सकाळी ९ ला. तिथे त्या वेळी ५-७ अंश असतं, आणि धुकं असलं की दुपारीही ऊन नाही. आमच्या मुलींना १२ अंशांतच हुडहुडी भरते. तीन शंका आहेत: पिचरच्या (चेंडू टाकणारीच्या) हाताचं काय करायचं, आत काय घालायचं, आणि दोन कंपोझिट (कार्बन फायबरच्या) बॅटी आहेत त्या न्यायच्या का? बजेट बेताचं आहे.

तिसरा_बेस

बॅटींपासून सुरुवात करतो, कारण तिथे पैसे बुडतात. कंपोझिट बॅटी घरी ठेवा. बहुतेक कंपन्याच १५-१६ अंशांखाली त्या वापरू नका म्हणतात. गारठ्यात चेंडू कडक होतो आणि बॅटचं कवच ठिसूळ होतं, मग एखाद्या फटक्यात बारीक तडा जातो. तो दिसत नाही, आवाज मात्र बदलतो: टणक ठोक्याऐवजी फुटक्या मडक्यासारखा. अ‍ॅल्युमिनियमच्या तीन बॅटी न्या. त्यांनी हाताला झिणझिण्या जास्त येतात, विशेषतः चेंडू मुठीजवळ किंवा अगदी टोकाला लागला तर. बॅटिंग ग्लोव्हज आणि नवी जाड ग्रिप टेप, एवढ्यावर भागतं. बॅट शेकोटीजवळ धरून गरम करू नका. कितीतरी ठिकाणी ते नियमबाह्य आहे.

सरावाचे चेंडू रात्री खोलीत ठेवा, बसच्या डिकीत नाही.

विंडमिल_ताई

पिचरच्या चेंडू टाकणाऱ्या हातावर ग्लोव्ह, पट्टी, मनगटाचा बँड काहीही चालत नाही, त्यामुळे ऊब दोन चेंडूंच्या मधल्या वेळातच द्यायची. हँड वॉर्मरची पुडी मागच्या खिशात ठेवा. त्यात लोखंडाची भुकटी असते, ती हवेतल्या ऑक्सिजननं गंजताना तापते. म्हणून पुडी सामन्याआधी २० मिनिटं फोडायची. घट्ट बुटात कोंबली तर हवा मिळत नाही आणि ती विझल्यासारखी होते. उघड्या कातडीला चिकटवू नका, भाजतं. अर्धी वापरलेली पुडी हवाबंद झिपच्या पिशवीत टाकली की थांबते, दुसऱ्या सामन्याला कामी येते. पिचर आणि कॅचरला (बॅटरच्या मागे चेंडू झेलणारीला) रोज दोन-दोन, बाकीच्यांना एकेक पुरे.

खरी गडबड होते आपली बॅटिंग लांबली की. पिचर पंधरा-वीस मिनिटं बाकावर बसते, खांदा गार पडतो, आणि मैदानात गेल्यावर मिळणाऱ्या मोजक्या सराव-चेंडूंत तो परत मोकळा होत नाही. आपले दोन आउट झाले की (तिसऱ्याला बॅटिंग संपते) तिनं जॅकेट घालूनच बाजूला सात-आठ चेंडू टाकावेत. बोटं गारठली की पहिला बिघाड चेंज-अपमध्ये (मुद्दाम हळू टाकलेल्या चेंडूत) दिसतो: चेंडू हातातून लवकर सुटतो आणि उंच जातो.

गल्लीक्रिकेट

सामन्याआधी हातापायांना बाम किंवा मोहरीचं तेल चोळा, हमखास उपाय.

विंडमिल_ताई

@गल्लीक्रिकेट, पायांना रात्री चोळा हवं तर, हातांना नको दादा. तेलकट बोटातून चेंडू सटकतो. बामानं नुसतं गरम वाटतं, स्नायू गारच राहतो.

उजवं_मैदान

कपडे: अंगालगत सुती बनियन नको. घाम धरून ठेवतं आणि बाकावर बसलं की बर्फासारखं लागतं. पॉलिएस्टरचं घट्ट थर्मल, त्यावर जर्सी. वारा असेल तर मध्ये पातळ बिनबाह्यांचं जॅकेट. थर्मलचा रंग सगळ्यांचा एकच घ्या, बाही दिसली तर पंच अडवू शकतात. लोकरी कानटोपी हेल्मेटखाली घालू देऊ नका: हेल्मेट वर उचललं जातं आणि धावताना हलतं. पातळ स्कल कॅप (डोक्याला चिकटून बसणारी टोपी) किंवा गळ्यातला बफ (नळीसारखं कापड) चालतो.

मोजे एकावर एक दोन घातले की बूट आवळतो, रक्त पोचत नाही आणि बोटं उलट जास्त गारठतात. एकच लोकरी जोड, दुसरा कोरडा जोड बॅगेत. सकाळी गवतावर दव असतं, मैदानाच्या लांबच्या भागात उभ्या तिघींचे मोजे तिसऱ्या इनिंगपर्यंत ओले होतात. त्यांना लक्षात ठेवा, सगळं लक्ष पिचरकडे जातं आणि या बिचाऱ्या तिकडे पुतळ्यासारख्या उभ्या. प्रत्येक चेंडूआधी दोन पावलं पुढे, इनिंग बदलताना पळतच ये-जा.

तिसरा_बेस

वॉर्म-अप २५ मिनिटांचा धरा. आधी घाम फुटेपर्यंत जॉगिंग आणि हलते व्यायाम. उभं राहून ताणायचे व्यायाम शेवटी ठेवा. थ्रो २० फुटांवरून सुरू, मग ४०, मग ६०. होमपासून (बॅटर उभी राहते तिथून) दुसऱ्या बेसचा जवळपास ८५ फुटांचा थ्रो कॅचरनं सर्वांत शेवटी मारायचा. दोन टॉवेल न्या, एक हातांना, एक फक्त ग्लोव्ह पुसायला.

अमरावतीकर_कोच

धन्यवाद सगळ्यांना. कंपोझिट राहिल्या घरी. बाकावर खायला-प्यायला काय ठेवू? चहा?

उजवं_मैदान

कोमट पाण्याचे थर्मास. थंडीत तहान लागत नाही म्हणून मुली पाणीच पीत नाहीत, दर इनिंगला दोन घोट प्यायला लावा. शेंगदाणा-गुळाचे लाडू, सुपारीएवढे, म्हणजे एका घासात संपतात. चहा सामना झाल्यावर. आणि एखादी कुडकुडायची थांबून बोलताना अडखळायला लागली, तर स्कोअर काहीही असो, तिला बाहेर काढा, ओले कपडे बदला, ब्लँकेटमध्ये गुंडाळा आणि डॉक्टरांना बोलवा.