पोवई नाका आणि लाल टोपी
वर एकांनी लिहिलंय की लष्करी पोलीस म्हणजे लाल टोपी घातलेला साताऱ्याच्या पोवई नाक्यावरचा ट्रॅफिक हवालदार, युद्धात त्याला काय काम? दादा, तुलना निम्मी बरोबर आहे. फक्त युद्धात लष्करी गाड्यांचा ताफा रात्री, दिवे झाकून चालतो. फाट्यावर एक ट्रक चुकला की मागचे सगळे त्याच्यामागे चुकतात, आणि अरुंद घाटात वळवायला जागा नसते. म्हणून लष्करी पोलिसांचा माणूस ताफ्याआधी फाट्यावर हवा. बंद पडलेली गाडी आधी कडेला ढकलायची, दुरुस्तीचं नंतर.

पण खरं किचकट काम युद्धकैद्यांचं. शस्त्रं आणि लष्करी कागद काढून घ्यायचे. हेल्मेट, गॅस मास्क, पदकं, हुद्द्याच्या फिती आणि ओळखपत्र मात्र कैद्याकडेच राहतं. पैसे घ्यायचे तर अधिकाऱ्याच्या हुकमानंच, वहीत नोंद करून आणि पावती देऊन. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारातलं १८वं कलम हेच सांगतं. झडतीच्या घाईत ओळखपत्र कागदांच्या गठ्ठ्यात गेलं, की पुढे कोण कुठला हे जुळवताना नाकी नऊ येतात.

मुलींच्या भरतीचं विचारलंय त्या ताईंसाठी: भारतीय लष्करात शिपाई म्हणून मुलींना लष्करी पोलिसांचं हेच दल आधी खुलं झालं. पहिली तुकडी २०२१ मध्ये बंगळुरूहून बाहेर पडली.