‘सुई’ म्हणजे सुई की ओळ? मशीनवर मापाची टोपी विणताना अडलेले शब्द

शब्द साधाच आहे पण त्यापायी एक अख्खी टोपी उसवावी लागली म्हणून विचारतेय. मी घरगुती विणकाम मशीनवर विणते, सपाट मशीन, त्यात एका पट्टीत शेजारी शेजारी २०० सुया असतात आणि वरून कॅरेज या टोकाकडून त्या टोकाला सरकवलं की एक ओळ विणून होते. माझ्या मामीने नुकतंच तसंच मशीन घेतलं. मामी आयुष्यभर हाताने विणत आलीये, तिची वीण इतकी एकसारखी असते की स्वेटर कुठे थांबवून दुसऱ्या दिवशी सुरू केला ते शोधून सापडत नाही. तिला मामासाठी टोपी करायची होती. मामाच्या डोक्याचा घेर ६१ सेंमी, तयार टोपी घातली की कपाळावर लाल वळ उठतो, म्हणून बरोबर त्याच्या डोक्याची टोपी हवी होती.

मी हिशोब करून कागदावर लिहून दिलं, ‘१५६ सुया, टेन्शन ७, मग माथा आवळ’. उंचीचं आणि कडेचं फोनवर सांगते म्हणाले. तिने वाट न बघता सुरू केलं, रुंदीचं काही लिहिलं नाहीस म्हणून अंदाजाने ९० टाके घेतले आणि १५६ ओळी विणल्या! कारण तिच्यासाठी सुई म्हणजे ओळ. आणि त्यात तिची काहीच चूक नाही, आपल्याकडे विणकामाचे नमुने असेच लिहितात ना, ‘पहिली सुई सगळे सुलट, दुसरी सुई सगळे उलट, अशा दहा सुया विणा’. साधारण ३२ सेंमी रुंद आणि ३९ सेंमी लांब असं काहीतरी तयार झालं, ते मामाच्या काय कुणाच्याच डोक्याला बसलं नसतं. तिने फोनवर एवढंच विचारलं, ‘अगं मग ओळीला तुम्ही म्हणता तरी काय?’ मला खरंच वाईट वाटलं, दोन दिवसांचं काम होतं तिचं.

तर प्रश्न तीन आहेत. एक, मशीनच्या संदर्भात सुई हा शब्द ओळीसाठी वापरावा का. दोन, एखाद्याच्या डोक्याच्या मापाने केलेल्या टोपीला नेमकं काय म्हणायचं, मापाची, फिटिंगची, की बेतलेली? मला बेतलेली आवडतो पण तो शिवणकामातला आहे असं घरात मत पडलं. तीन, टेन्शनला, म्हणजे कॅरेजवरच्या चकतीवर जो आकडा लावतो त्याला, ताण म्हणावं का.

—

सुईबद्दल मी मामींच्या बाजूने. हाताने विणताना डाव्या सुईवरचे सगळे टाके उजव्या सुईवर गेले, डावी रिकामी झाली, की एक सुई झाली. म्हणजे शब्द उगीच आलेला नाही, डोळ्यासमोर खरोखर एक सुई संपते. मशीनवर असं काही रिकामं होतच नाही, प्रत्येक टाक्याला त्याची स्वतःची सुई आणि तो टाका तिथेच राहतो, कॅरेज तेवढं फिरतं. तेव्हा मशीनवर ओळच म्हणा, आणि त्या सुयांना हवं तर आकडी म्हणा, कारण त्यांना टोकाला आकडाच असतो.

—

आकडी नको हो ताई. आकडी येणे म्हणजे फेफरं, आमच्या घरात तो आजार जवळून बघितलाय, तो शब्द विणकामात ऐकवणार नाही. आणि क्रोशाच्या सुईलाही आकडाच असतो तरी तिला आपण सुईच म्हणतो की. मशीनच्या सुईला आकड्याच्या मागे एक इवलीशी झडप असते, सुई पुढे आली की जुना टाका झडपेच्या मागे सरकतो, नवीन धागा आकड्यात येतो, सुई मागे जाताना झडप मिटते आणि जुना टाका वरून घसरून पडतो, झाला नवीन टाका. हे एकदा बोटाने एक सुई पुढेमागे करून हळू बघा, मग शब्दाचा प्रश्न राहत नाही, विणायचं काम तीच करते, तीच सुई.

—

मी होजियरीच्या धंद्यात नोकरी केली म्हणून दोन गोष्टी सांगतो. होजियरी हा शब्दच मोज्यांवरून आलाय, इंग्रजीत पायमोज्यांना होज म्हणायचे. विल्यम ली नावाच्या इंग्रजाने १५८९ साली पहिलं विणकाम यंत्र केलं ते मोजे विणण्यासाठीच. मराठीत आपली पंचाईत अशी आहे की विणणे हे एकच क्रियापद आपण सगळ्याला वापरतो, हातमागावर साडी विणतात, बाज विणतात, टोपली विणतात आणि स्वेटरही विणतात. मागावर उभे आणि आडवे असे दोन वेगळे धागे असतात. लोकरीच्या विणकामात एकच धागा, तोच टाक्यातून टाका काढत पुढे जातो, म्हणून तर ते कापड ताणलं जातं आणि एक टाका निसटला की खालपर्यंत उसवत जातं. टोपी डोक्याला धरून बसते ती या ताणण्यामुळेच. म्हणून घरगुती मशीनला कुणी माग म्हणू लागलं तर कृपया अडवा.

दुसरं, गेज. कारखान्यात गेज म्हणजे मशीनच्या एका इंचात किती सुया. घरी विणणारे गेज म्हणतात ते विणलेल्या कापडाच्या १० सेंमीत किती टाके आणि किती ओळी आल्या याला. एकाच मशीनवर पहिलं गेज कायम तेच, दुसरं लोकर बदलली की बदलतं. तुमच्या २०० सुयांच्या मशीनवर दोन सुयांत ४.५ मिमी अंतर असणार, म्हणजे इंचाला साडेपाचच्या जरा वर. पण म्हणून कापडातही इंचाला तेवढेच टाके पडतील असं नाही, हा घोटाळा नवीन माणसाचा हमखास होतो.

—

काका, हे फार उपयोगी सांगितलंत. मग मी असं करते, मशीनचं ते गेज आणि कापडाची ती वीण. वीण घट्ट, वीण सैल हे आपण बोलतोच, नुसतं पुढे आकडा जोडायचा, ‘वीण १० सेंमीला २८ टाके ४० ओळी’. मामीला हे एका दमात कळेल.

आणि सुईचं ठरलं. सुई म्हणजे सुईच, ओळ म्हणजे ओळ, मशीनवर ओळी मोजायचा काटाही असतोच.

—

गोल मशीनवाल्यांना विसरू नका. मूठ फिरवली की सुया गोल फिरतात त्या मशीनवर ओळ नसते, फेरी असते. तिथे सुरुवात आणि शेवट असं टोकच नाही. माझ्या मशीनला ४८ सुया आहेत आणि त्या कमी जास्त करता येत नाहीत, म्हणजे गोल विणायचं तर टाके कायम ४८. लांब नळी विणायची, दोन्ही तोंडं आवळायची आणि अर्धी नळी उरलेल्या अर्ध्या नळीत ढकलायची की दुपदरी टोपी तयार. लहान मुलाची असो की मोठ्या माणसाची, टाके तेवढेच, फरक करायचा तो लोकरीच्या जाडीने आणि धागा किती सैल सोडता त्याने. त्यामुळे तुमचा बेतलेली हा शब्द माझ्या टोपीला लागू होणार नाही, मी डोक्याला लोकर जुळवते, टोपी बेतत नाही.

—

बेतणे कुठल्याच टोपीला लागू नाही असं माझं मत. शिंपी कापड बेततो म्हणजे माप घेऊन, आखून, कात्री लावतो. विणण्यात कापाकापी कुठे आहे? मापाची टोपी म्हणा, सोपं आहे, सगळ्यांना कळतं. बेत म्हटलं की मला आधी जेवणच आठवतं.

—

नाही, इथे मी जरा अडून बसणार आहे, कारण मला वाटतं उलट विणण्यालाच तो शब्द जास्त लागतो. शिंप्याने कापड थोडं जास्त धरून कापलं तर नंतर शिवणीत आत घेता येतं, पुन्हा कात्री लावता येते. मशीनवर टोपीची रुंदी पहिल्या ओळीआधीच ठरवावी लागते. १५६ सुया पुढे घेतल्या की घेतल्या, चाळीस ओळींनंतर जरा मोठी हवी होती असं वाटलं तर आतापर्यंतचं सगळं उसवा. म्हणजे सगळा बेत आधी. कात्री नाही म्हणून तर बेत लागतो! आणि बेतणे या शब्दात माप घेणं आणि पुढचं ठरवणं दोन्ही एकत्र आहे, तेच या कामात आहे. मापाची हा शब्द खोटा नाही पण तो झालेल्या वस्तूबद्दल बोलतो, दुकानात वेगवेगळ्या साइझमधून बरोबर निघाली तरी ती मापाचीच. बेतलेली म्हटलं की कुणाचं तरी डोकं आधी मोजलेलं असतं.

कसं बेततात ते इथेच लिहिते, म्हणजे शब्द कुठे कुठे लागतात ते दिसेल. आधी नमुन्याची पट्टी विणायची, ४० टाके ६० ओळी, त्याच लोकरीची त्याच टेन्शनवर. ती मशीनवरून काढली की लगेच मोजायची नाही, वजनं लटकवलेली असतात त्यामुळे कापड लांबीत ओढलं गेलेलं असतं, रात्रभर तसंच पडू द्यायचं, टोपी धुतली जाणार असेल तर पट्टीही धुवून वाळवायची. माझी पट्टी सकाळी १४.३ सेंमी रुंद आणि १५ सेंमी लांब भरली. म्हणजे एका सेंमीत २.८ टाके आणि ४ ओळी. आता मामाचं डोकं ६१ सेंमी, टेप भुवयांच्या वरून कानांच्या वरून मागे जिथे डोकं सगळ्यात फुगीर असतं तिथून फिरवलेली. पण टोपी ६१ ची करायची नाही, साधारण दहावा हिस्सा कमी धरायचा, ५५. पंचावन्न गुणिले २.८ म्हणजे १५४ टाके, शिवणीत जायला दोन, १५६.

हा जो दहावा हिस्सा कमी धरतो त्याला शब्द नव्हता माझ्याकडे. शिवणकामात लूज सोडतात, हे त्याच्या बरोबर उलट आहे. तूट म्हटलं तर नुकसान झाल्यासारखं वाटतं. मी मनाशी ओढ म्हणते, ‘ओढ ६ सेंमी’, कारण तेवढीच टोपी ओढून डोक्यावर बसते आणि तेवढीच डोक्याला धरून राहते. मामाच्या वळाचं कारणही हेच होतं, ५६ च्या डोक्याला ५० ची टोपी छान बसते, तीच ६१ वर चढवली की ओढ ११ ची होते.

—

ओढ चांगला आहे. मी घेतला.

—

टेन्शनचं राहिलं. ताण अजिबात म्हणू नका, उलटा अर्थ होईल. कॅरेजवरच्या चकतीवर आकडा वाढवला की टाका मोठा होतो, वीण सैल होते. म्हणजे ‘ताण वाढव’ वाचून कुणी आकडा वाढवला तर हातात सैल कापड येणार, आणि मराठी जाणणाऱ्या माणसाने ताण वाढव वाचून घट्टच समजायला हवं. शिवाय धाग्याच्या दांडीवर वेगळी चकती असते, ती धागा किती अडवून धरायचा ते ठरवते, ताण म्हणायचाच असेल तर तो तिचा. कॅरेजवरच्या आकड्याला आमच्याकडे शिकवताना ‘टाक्याचा नंबर’ म्हणतो, नंबर मोठा टाका मोठा, एकदाही चूक झालेली नाही.

—

टाक्याचा नंबर! हे तर हातच्या सुईच्या नंबरासारखंच झालं, जाड सुई मोठा टाका. मामीला हे समजावून सांगायचीही गरज नाही.

अजून एक शब्द तिच्यासाठी लिहून ठेवायला हवा होता, तो म्हणजे सुलट. मशीनवर विणताना आपल्या तोंडासमोर कापडाची उलट बाजू असते. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं सगळं उलट पडतंय, मामीलाही वाटलं आणि तिने मध्येच थांबून मशीन बिघडलं का विचारलं होतं. आणि एक सुलट एक उलट अशी कड एका पट्टीच्या मशीनवर सरळ येत नाही, त्याला समोर दुसरी पट्टी जोडावी लागते नाहीतर एक एक टाका खालपर्यंत सोडून हाताने पुन्हा उचलावा लागतो. म्हणून मी कड दुमडीची सुचवली, दुप्पट लांबीची पट्टी विणायची, पहिल्या ओळीचे टाके उचलून त्याच सुयांवर पुन्हा अडकवायचे आणि पुढे विणत जायचं, दुपदरी कड आपोआप मिटते.

काल कागद नव्याने लिहिला. जसाच्या तसा देते.

‘डोकं ६१, ओढ ६, टोपी ५५ सेंमी. वीण १० सेंमीला २८ टाके ४० ओळी. टाक्याचा नंबर ७. मशीनवर १५६ सुया पुढे घे. टाकाऊ लोकरीच्या आठ दहा ओळी, मग खरी लोकर. कड ४८ ओळी, पहिल्या ओळीचे टाके उचलून त्याच सुयांवर अडकव, कड ६ सेंमीची होईल. टाकाऊ लोकर आता काढून टाक. पुढे ६८ ओळी, म्हणजे १७ सेंमी. मग एकाआड एक टाका शेजारच्या सुईवर घाल, रिकाम्या झालेल्या सुया मागे सरकवून ठेव, नाहीतर त्या नवीन टाके घेतील. उरलेल्या ७८ टाक्यांवर दोन ओळी. जाड सुईत दोरा ओवून सगळे टाके त्यावर घे आणि माथा आवळ. बाजूची शिवण सुलट बाजूने घाल.’

मामीने वाचून फोन केला. सगळं कळलं म्हणाली, फक्त शेवटून दुसऱ्या वाक्यातली ‘जाड सुई’ कुठली, मशीनची की हातातली? तिथे मी आता ‘स्वेटर शिवायची सुई’ असं केलंय.